दोघंही मोठी

माझ्या भावाला दोन बहिणी. एक मी, सख्खी. दुसरी ताई, तिचं आमच्याशी रक्ताचं नातं तर सोडाच, आडनावही जुळत नाही. दोघींतली लाडकी कोण, हे आमच्या लाँड्रीत कपडे टाकायला येणारं कुठलंही गिऱ्हाईक सांगेल. मी काउंटरवर बसते, त्यामुळे मला हे रोज, उघड्या डोळ्यांनी, फुकटात बघायला मिळतं.

लाँड्री म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढच्या खोलीत मी आणि माझं तोंड. हरवलेल्या मोज्यांच्या तक्रारी ऐकणं आणि आल्या वाटेने परत पाठवणं हे आमचं दोघांचं काम. मधल्या खोलीत इस्त्रीची टेबलं आणि घड्या घालायची मोकळी जागा. मागे धुलाईची यंत्रं आणि बॉयलर. वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. लोकांचे शर्ट-पँट येतात, पण पोट भरतं ते चादरींवर: दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या, एका वसतिगृहाच्या. सकाळी मळके गठ्ठे येतात, संध्याकाळी पांढऱ्याशुभ्र घड्या जातात आणि थोड्या दिवसांनी तीच मंडळी पुन्हा मळून दारात हजर.

ताई आली तेव्हा मी शाळेत होते. वडील नुकतेच गेले होते, दादाने कॉलेज सोडून कपडे पोचवायची हातगाडी धरली होती आणि आई बाकी सगळं एकटी ओढत होती. एका दुपारी आई आणि मी डबलबेडची चादर घडी करत होतो. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतातच, आणि त्या घरात दुसरं माणूस म्हणजे मी. तेवढ्यात रस्त्यावरून मैत्रिणीने हाक मारली आणि मी माझं टोक सोडून पळाले. दारात एक बाई काम विचारायला उभी होती. तिने झटकन पुढे होऊन ते टोक जमिनीला लागायच्या आत पकडलं, चादर ताणली, एक झटका दिला आणि चालत जाऊन टोकं आईच्या हातात दिली. ही तिची मुलाखत. आई तिला म्हणाली, "उद्यापासून ये." मला काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही.

आई धोरणी होती. दादाला तिने बाजूला घेऊन सांगितलं, "ती वयाने मोठी आहे, तिला ताई म्हणायचं. नावाने हाक मारलीस तर याद राख." आणि ताईला सांगितलं, "पोरगा लहान असला तरी उद्याचा मालक आहे. त्याला दादा म्हण, म्हणजे बाकीचे मान ठेवतील." दोघांनीही ऐकलं. तेव्हापासून ती त्याला दादा म्हणते आणि तो तिला ताई. दोघंही एकमेकांना मोठं समजून चालतात, आणि यात काही विचित्र आहे असं आम्हाला कुणालाच कधी वाटलं नाही. मी मात्र छोटी. आता डोक्यावर चांदी पसरली तरी छोटीच.

आई थकल्यावर चादरीचं दुसरं टोक दादाकडे आलं आणि तिथेच राहिलं. चादर घडी करताना दोघं समोरासमोर लांब उभी राहतात, टोकं जुळवतात, झटकतात, मग एकमेकांकडे चालत येतात. एकाने टोकं दुसऱ्याच्या हातात द्यायची, खाली वाकून दुमड उचलायची, पुन्हा मागे जायचं, पुन्हा यायचं. बॉयलरच्या आवाजात लांबून बोललेलं काही ऐकू येत नाही. म्हणून या दोघांचं बोलणं तुकड्यातुकड्यांत चालायचं. जवळ आले की एक वाक्य. दुसऱ्या वेळी जवळ आले की त्याचं उत्तर. एखादी गोष्ट पुरी व्हायला दवाखान्याचा अख्खा गठ्ठा लागायचा. मला काउंटरवरून नुसते ओठ हलताना दिसायचे, आणि माझा स्वभाव असा की मला वाटायचं, माझ्याबद्दलच बोलतायत.

ताईला फार बोललेलं आवडत नाही, पण चादरींशी ती बोलते. चादर गालाला लावून "अजून ओली आहेस गं" म्हणते आणि परत तारेवर टाकते. घडीची शिवण बाहेर राहिली तर ती मोडून पुन्हा घालते, मग दारात हॉटेलची गाडी हॉर्न वाजवत उभी असली तरी. एकदा ड्रायव्हर म्हणाला, "बाई, त्यावर माणसं झोपणारच आहेत." ताई म्हणाली, "तोंड धुतल्यावर परत खराब होतंच. तुम्ही धुता ना?" तो गाडीत जाऊन बसला. त्याने धुतलेलं नव्हतं असं माझं मत आहे.

तिचा नवरा कामासाठी दूर गेला आणि तिकडचाच झाला. एक मुलगी. तिचं सगळं शिक्षण ताईने या चादरींवर केलं. मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेली आणि ताई मागच्या गल्लीतल्या खोलीत एकटी राहू लागली. पण झोपायलाच. सकाळचा पहिला चहा आमच्याकडे, शेवटचाही आमच्याकडे. आई शेवटच्या आजारात कुणाच्या हातून औषध घ्यायची? ताईच्या. मी चमचा पुढे केला की दात आवळून घ्यायची. सख्खी मुलगी मी, पण माझा हात कडू लागायचा म्हणे.

तर अशी ताई. आणि हेच पुढे नडलं.

झालं काय, आई होती तेव्हाच कामगार खात्याचा एक माणूस लाँड्रीत आला होता. इथे कोण कोण काम करतं, त्यांची नोंद करायची होती. नोंद झाली की कामगारांना त्यांचा वेगळा दवाखाना, पगारी रजा, हातपाय कामात निकामी झाले तर पुढची सोय. आईने एकेकाकडे बोट दाखवलं. हे इस्त्रीचे, हे धुलाईचे, हा गाडीवाला. शेवटी ताईकडे बघून ती कौतुकाने म्हणाली, "आणि ही आमची घरची." त्या माणसाने मान डोलावली. घरच्या माणसांना कायदा कामगार धरत नाही. तो चहा पिऊन निघून गेला आणि ताईची नोंद झाली नाही.

ताईला याचं केवढं अप्रूप! पुढे कित्येक वर्षं ती सांगायची, "बाकीच्यांना कामगारांत घातलं, मला नाही. आई म्हणाल्या, ही घरची." मी खरोखरीची घरची, म्हणून फुकट राबणारी. मला त्यात मिरवण्यासारखं काही दिसत नव्हतं.

मग तिचा उजवा हात बिनसला. आधी बोटांना मुंग्या, मग अंगठा बधिर. चहाचा कप हातातून निसटला तेव्हा ती म्हणाली, "कपच गुळगुळीत आहे." पण एक दिवस चादरीचं टोक निसटलं. अख्खी चादर जमिनीवर गेली. ताई खाली बघत तशीच उभी राहिली. तिच्या हातून पडलेली पहिली चादर होती ती. दादा समोरून आला, चादर उचलली आणि धुलाईत टाकली. मला काउंटरवरून दोघांचे ओठ दिसत होते. हलत नव्हते.

डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं, बोटं उघडमीट करायला लावली. म्हणाले, मनगटातली नस दबली आहे, वर्षानुवर्षं झटके देऊन. लवकर ऑपरेशन केलं तर पकड परत येईल, उशीर केला तर हात शोभेपुरता राहील. याचे चांगले डॉक्टर कामगारांच्या दवाखान्यात आहेत, आणि नाहीच आला हात परत, तर नोंदवलेल्या कामगाराला जन्मभराची सोय आहे. पण नोंद हवी.

दादा म्हणाला, "खर्च मी करतो." ताई म्हणाली, "आणि नाही बरा झाला तर? जन्मभर बसवून घालशील? मी नाही बसायची." तो कामगार खात्यात गेला. तिथे सांगितलं, आजपासून नाव घालता येईल, पण हात जुन्या कामाने गेलाय. ते जुनं काम नोकरीचं होतं की घरातल्या माणसाचं, हे आधी ठरायला हवं. त्यासाठी सुनावणी. आमच्याकडचे इस्त्रीकाका संघटनेतले. त्यांनी अर्ज लिहिला आणि ताईची सही घेतली. तिला एवढंच सांगितलं, की हाताच्या डॉक्टरांसाठी आहे. जास्त सांगितलं असतं तर तिने सही केली नसती हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दादाने एक वकील केले. वकीलसाहेब माणूस वाईट नव्हते; ज्याने बोलावलं त्याचं भलं बघायचं, एवढंच त्यांचं गणित. ते वर येऊन बसले आणि म्हणाले, "ती कामगार ठरली, तर इतक्या वर्षांची नोंद का केली नाही म्हणून तुम्हाला दंड. शिवाय चौकशी, फेऱ्या. घरची ठरली, तर तुमच्यावर काहीच नाही. आणि बघा, खोटं एक अक्षर बोलायचं नाही. तुम्ही तिला ताई म्हणता ना? तिथेही ताईच म्हणा. बस."

ते गेल्यावर दादा गार चहा समोर घेऊन बसला. मग म्हणाला, "छोटे, ती माझी कोण आहे गं?"

मी म्हटलं, "आता मला विचारतोस? इतकी वर्षं सगळ्यांसमोर ताई, ताई करत होतास, तेव्हा विचारायचं."

"चेष्टा नको. ती बहीण नाही असं मी चार लोकांत म्हणू? तिच्या तोंडावर?"

माझा स्वभाव तिखट, पण त्या वेळी मला त्याची दया आली. मी म्हटलं, "तिला बहीण म्हणालास तर बहिणीचा हात जाईल. कामगार म्हणालास तर हात राहील. एवढंच आहे दादा. बाकी तुझं तू बघ."

"आणि बहीण?"

मी कप उचलून विसळायला गेले.

सुनावणीची खोली छोटी होती. एक लांब टेबल, कुरकुरणारा पंखा, भिंतीला लावलेल्या खुर्च्या. टेबलामागे अधिकारी बाई बसल्या होत्या; त्यांनी आधी सगळ्यांना खरं बोलायची शपथ घ्यायला लावली. त्यांना जबर सर्दी झाली होती आणि दर दोन वाक्यांनी त्या थर्मासमधलं गरम पाणी पीत होत्या. ताई चांगली इस्त्रीची साडी नेसून आली होती. उजवा हात तिने मांडीवर, डाव्या हाताखाली झाकून ठेवला होता. तिला वाटत होतं, दोन प्रश्न विचारतील आणि दवाखान्याची चिठ्ठी देतील.

बाईंनी तिला विचारलं, "लाँड्रीचे मालक तुमचे कोण?"

"भाऊ," ताई म्हणाली.

"सख्खे?"

"सख्ख्याच्या वर."

वकीलसाहेबांनी खुर्चीत पाठ टेकली. इस्त्रीकाकांनी कपाळावर हात मारला.

"पगार किती मिळतो?"

"पगार?" ताईला तो शब्दच खटकला. "पगार इस्त्रीवाल्यांना, धुलाईवाल्यांना. मला हातखर्च देतात. आई असल्यापासून तसंच."

"दर महिन्याला?"

"हो, ठरलेल्या दिवशी. पण हातखर्च."

"रजा?"

"घरात कसली आलीय रजा!" असं म्हणून ती चक्क हसली. इतक्या मोकळेपणाने हसली की अधिकारी बाईंनाही क्षणभर हसू आलं. ही बाई मायेपोटी एकेक उत्तर देत होती आणि प्रत्येक उत्तरागणिक आपला हात गमावत होती. तिला थांबवायचं कसं? उठून ओरडावंसं वाटलं, की अगं बये, जरा कमी प्रेम कर!

बाईंनी लिहिता लिहिता विचारलं, "मालक तुम्हाला हाक कशी मारतात?"

"ताई."

"आणि तुम्ही त्यांना?"

"दादा."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी रुमालाने नाक पुसलं आणि ताईकडे नीट बघितलं. "म्हणजे ते तुम्हाला मोठी बहीण म्हणतात आणि तुम्ही त्यांना मोठा भाऊ. मग दोघांत मोठं कोण?"

ताईने दादाकडे बघितलं. दादाने माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं हा प्रश्न आमच्या तीन खोल्यांत कुणाला पडला नव्हता.

"माझ्याही घरात भावंडं आहेत," बाई म्हणाल्या, "पण दोघंही मोठी असं अजून झालेलं नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कोण?"

"मी यांची बहीण."

"यांना बहिणी किती?"

हे उत्तर माझ्याकडे कधीपासून तयार होतं. आई औषधाचा चमचा माझ्या हातून घेत नव्हती तेव्हापासून. दादाला बरं वाटत नसलं की ताईला बोलावणं जायचं, मी शेजारच्या खोलीत असून, तेव्हापासून. कुणीतरी एकदा, चारचौघांत हा प्रश्न विचारावा आणि मी ठणकावून उत्तर द्यावं, असं मनाशी किती वेळा घोळवलं होतं. आता विचारलं, तर मी टेबलाकडे बघितलं.

"एक," मी म्हटलं. "मी."

ताई माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं न कळणं होतं. मला त्या खुर्चीसकट जमिनीत जावंसं वाटलं.

बाईंनी दादाला विचारलं, "तुम्ही सांगा. या तुमच्या कोण?"

वकीलसाहेब पुढे झुकून त्याच्या कानाशी काहीतरी म्हणाले. दादाने मानेनेच नाही म्हटलं आणि तो उभा राहिला. त्याला कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं.

"माझ्याकडे कामाला आहेत," तो म्हणाला. ताईला त्याने अहो-जाहो केलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. "पहिल्या दिवसापासून. सकाळी वेळेवर येतात, सांगितलेलं काम करतात, महिन्याला मी देतो तो पगार आहे. आम्ही त्याला हातखर्च म्हणत होतो. माझ्या आईने त्यांना घरची सांगितलं ते मायेने सांगितलं, पण ते चुकलं. मला कळायला लागल्यावर मी ते दुरुस्त करायला हवं होतं. मी केलं नाही. दंड मला लावा." मग तो थांबला. "नात्याने त्या माझ्या कोणी नाहीत."

पंखा कुरकुरत होता. ताईने मांडीवरचा उजवा हात आणखी झाकून घेतला.

निकाल आमच्यासारखा लागला. आमच्यासारखा म्हणजे कुणासारखा, हे मला अजून नीट सांगता येत नाही. ताई पहिल्या दिवसापासून कामगार ठरली, दादाला दंड झाला, वकीलसाहेब पुन्हा चहाला आले नाहीत. ऑपरेशनची तारीख मिळाली. इस्त्रीकाकांनी सगळ्यांना बिस्किटं वाटली.

दुसऱ्या दिवशी ताई नेहमीच्या वेळेला आली. ऑपरेशनपर्यंत तिला घड्यांचं काम बंद होतं, म्हणून ती उशांचे अभ्रे लावत बसली. थोड्या वेळाने तिने मान वर करून विचारलं, "मालक, दवाखान्याचा गठ्ठा आधी घ्यायचा का?"

इस्त्रीकाकांच्या हातातली इस्त्री जागच्या जागी थांबली. एका शर्टाची कॉलर तिथेच करपली, आणि ते भांडण पुढे मलाच निस्तरावं लागलं. दादा म्हणाला, "हो. आधी तोच." तिला हाक काय मारायची ते त्याला सुचलं नसावं, म्हणून त्याने मारलीच नाही. त्या दिवसापासून तो तिच्याशी बिनहाकेचं बोलू लागला. "जरा हे बघायचं होतं." "चहा झाला का?" समोर कोण आहे ते वाक्यात कुठे येऊच द्यायचं नाही. तिच्या बोलण्यात मात्र प्रत्येक वाक्याला मालक. आवाजात राग नाही, टोमणा नाही. राग असता तर बरं झालं असतं. रागाशी माझी जुनी ओळख आहे.

मोठ्या चादरींना आता दादासमोर मी उभी राहू लागले. आम्ही जवळ यायचो, टोकं द्यायचो, मागे जायचो. तिसऱ्या की चौथ्या चादरीला मी विचारलं, "तुम्ही दोघं इतकी वर्षं काय बोलायचात रे?" तो लांब गेला, टोकं जुळवली, जवळ आला. "काही नाही. आज भाजी काय. तिच्या मुलीचा फोन." पुन्हा लांब गेला, पुन्हा आला. "तुझं डोकं दुखत असलं की ती सांगायची, आज छोटीला तक्रारी देऊ नकोस." मी माझं टोक जरा जास्तच जोरात ओढलं.

ऑपरेशनच्या दिवशी तिच्यासोबत आम्हीच. मुलगी सातव्या महिन्यात, तिला डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. ती फोनवर रडत होती आणि ताई तिला सांगत होती, "अगं, माझे मालक आहेत ना इथे." दादा खिडकीतून बाहेर बघत राहिला. ताईला आत नेलं, बऱ्याच वेळाने बाहेर आणलं आणि वॉर्डात हलवलं. नीट झालं, असं डॉक्टर म्हणाले. आता भेटायला हरकत नव्हती.

वॉर्डाच्या दारात स्टुलावर एक रखवालदार बसला होता. गोल चेहऱ्याचा, खमका. माझ्यासारखाच कुणाचं ऐकून न घेणारा. त्याने हात आडवा घातला. "आत फक्त नातेवाईक. तुम्ही कोण पेशंटच्या?"

"बहीण," मी म्हटलं. "धाकटी."

शब्द तोंडातून गेला आणि मग मला ऐकू आला. मी विचार केला नव्हता. विचार केला असता तर कदाचित अडखळले असते. रखवालदाराने हात खाली घेतला.

"आणि हे?"

मला वाटलं, दादा आता सहज म्हणेल. कोण विचारणार होतं इथे? पण हा माणूस सरळ. एकदा शपथेवर बोलला की बोलला. तो त्या दारात उभा राहिला, पायांकडे बघितलं आणि म्हणाला, "मालक. त्या माझ्याकडे कामाला आहेत."

"मग थांबा बाहेर," रखवालदार म्हणाला. "मालकांना सोडत नाहीत."

दादा मुकाट्याने बाकावर जाऊन बसला. मांडीवर ताईच्या चपला धरून.

ताई पलंगावर टेकून बसली होती. हात मनगटापासून पांढऱ्या पट्टीत. मला बघून तिने आधी अंगावरची चादर दाखवली. "बघ. शिवण बाहेर. कोण धुतं यांचं?"

"आपण नाही," मी म्हटलं. "बोटं हलतात?"

तिने हलवली. पट्टीच्या टोकातून बाहेर आलेली चार बोटं आणि अंगठा, एकेक करून. अंगठ्याला स्पर्श कळत होता. मी तो चिमटीत धरून बघितला तर ती "आई गं!" म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. मग तिने दाराकडे बघितलं. "मालक नाही आले?"

आता माझं डोकं फिरलं. "आलेत. बाहेर बसलेत. रखवालदाराने विचारलं कोण, तर म्हणाला मालक. मालकांना सोडत नाहीत म्हणे. ताई, पुरे झालं आता. तो तुझ्यासाठी बोलला तिथे. त्याच्या जिवाचं काय झालं ते मी बघितलंय. किती दिवस धरून ठेवणार आहेस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी धरून ठेवलंय?"

"मग मालक मालक काय लावलंयस?"

"अगं वेडे," ती हळू आवाजात म्हणाली आणि शेजारच्या पलंगाकडे एक नजर टाकून घेतली. "शपथेवर बोललाय तो. मी आपली दादा, दादा करत राहिले आणि त्या ऑफिसातल्या कुणी ऐकलं, तर त्यालाच खोटं पाडतील. परत चौकशी लागेल त्याच्या मागे. म्हणून जीभ चावून मालक म्हणते. मला काय हौस आहे?"

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. एकमेकांना जपण्यापायी दोघांनी हाक मारायची बंद केली होती आणि मधल्या मधे मी दोघांवर चिडत बसले होते. मी म्हटलं, "ताई, तिथलं तिथे संपलं. त्यांना कामाशी काम. तू घरात कुणाला काय म्हणतेस ते ऐकायला कुणी येत नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिने थोडा विचार केला. समोरून नर्स औषधांची गाडी ढकलत चालली होती. ताईने तिला डाव्या हाताने खूण केली.

"बाई, बाहेर बाकावर एकजण बसलाय. मालक आहे असं सांगतो. त्याचं काही ऐकू नका. माझा भाऊ आहे तो. आत घ्या त्याला."

नर्सने वहीत नाव लिहायला पेन काढलं. "भाऊ का? मोठा की धाकटा?"

"मोठा," ताई म्हणाली. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला हसू आवरेना. "म्हणजे धाकटा. तुम्ही आधी आत तर घ्या हो, मग आम्ही ठरवतो."

नर्स दारापर्यंत गेली. रखवालदाराशी काहीतरी बोलली. दादा आत आला, हातात चपला तशाच, आणि पलंगाच्या पायथ्याशी येऊन थांबला.

"दादा," ताई म्हणाली, "ही चादर आधी नीट कर. माझा एक हात बांधलाय."

त्याने चपला खाली ठेवल्या आणि चादरीचं एक टोक धरलं. दुसरं मी धरलं.

"हो ताई," तो म्हणाला.